दोन कप कच्चा, अर्धा कप शिजलेला

दक्षिण आफ्रिकेतल्या म्दांत्साने वस्तीत कुणी गेलं की पहिला निरोप पाद्रीबुवांना जायचा आणि दुसरा माभेलेला. पाद्रीबुवा उशिरा आले तरी चालायचं, मेलेला माणूस काही पळून जात नाही. पण माभेले आल्याशिवाय कोबीचे गड्डे किती आणायचे हे सांगणार कोण? ती यायची, अंगणात कमरेवर हात ठेवून उभी राहायची, गेलेल्याचं गोत केवढं आणि त्याची भांडणं किती जणांशी हे विचारून घ्यायची. भांडलेली माणसं मयताच्या जेवणाला हमखास येतात, असा तिचा अनुभव होता. मग ती बटाटे, भोपळे, बीट, कोबी यांचे आकडे सांगून टाकायची. तीनशे पान उठलं की पातेल्याच्या तळाशी चार पळ्या उरायच्या, त्याही पिशवीत आइस्क्रीमचे रिकामे डबे लपवून आणणाऱ्या बायांपुरत्या. कमी पडलं असं कधी झालं नाही. वाया गेलं असंही कधी झालं नाही.

माभेले हे तिचं नाव नव्हे, माहेरचं कूळ. तिकडे सासरी आलेल्या बाईला माहेरच्या कुळाने हाक मारतात, म्हणजे बाई सासरच्यांनी नेली तरी मान माहेरचाच राहतो. तिच्या नवऱ्याचं नाव झोलिले, कूळ जोला. आयुष्यभर बस चालवलेला, शांत, लांबट, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती आणि चाळीस वर्षांत बायकोने पानात किती वाढलं याबद्दल त्याने एकदाही तोंड उघडलं नव्हतं. उघडलं ते खाण्यासाठीच.

या झोलिलेला साखरेचा आजार जडला. वस्तीत तो निम्म्या लोकांना होता, त्यामुळे त्याचं कुणाला विशेष वाटलं नाही. पण पुढे त्याचे डोळे गेले. गेले म्हणजे अगदीच गेले नाहीत. बाई आली की गाय आली एवढं कळायचं, पण कुठली बाई ते कळायचं नाही. डोळ्यांचे डॉक्टर वर्षातून दोनदाच शहरातून येत. त्यांचं म्हणणं असं की पडदा काढता येईल, नजर परत येईल, मात्र साखर तिकडच्या मापाने दहाच्या खाली हवी. दहाच्या वर असेल तर चाकूच लावणार नाही. पुढची फेरी नोव्हेंबरात होती.

आणि डिसेंबरात नातू डोंगरावरून येणार होता. अयाबोंगा, थोरल्या मुलाचा मुलगा. बाप खाणीत कामाला गेला तेव्हा हा रांगत होता, आजोबाच्या मांडीवर वाढला. आता तो सुंता करून, महिनाभर झोपडीत राहून, अंगाला लाल माती लावून, नवी घोंगडी पांघरून पुरुष म्हणून घरी परतणार होता. त्या दिवशी घरातल्या म्हाताऱ्याने त्याच्यासमोर उभं राहून चार शब्द सांगायचे असतात. झोलिलेला सांगायचं फारसं काही नव्हतं. त्याला फक्त पोराचा चेहरा बघायचा होता. हे तो रोज बोलायचा नाही, एकदाच बोलला होता, पण माभेलेने ते पदरात गाठ मारल्यासारखं धरून ठेवलं होतं.

तेव्हा केपटाउनच्या मुलीने, बबल्वाने, उपाय पाठवला. तिकडे म्हणे ऑफिसातल्या सगळ्या बायका बँटिंग करत होत्या. बँटिंग म्हणजे लोणी खा, साय खा, मटणाची चरबी चघळा, पण पाव दिसला की रस्ता बदला. मक्याची लापशी नाही, भात नाही, बटाटा नाही, आणि भाज्या मात्र मापून. सोबत एक छापील तक्ता आणि एकात एक बसणाऱ्या रंगीत प्लास्टिकच्या कपांचा संच. पाव कप, अर्धा कप, आख्खा कप. तीनशे माणसांचा स्वयंपाक नुसत्या नजरेने करणाऱ्या बाईला तिच्या पोटच्या पोरीने पाव कपाचं माप धाडलं, आता काय बोलावं!

माभेलेने कप उन्हात धरून बघितले, तक्ता दोनदा वाचला आणि कामाला लागली. कारण ती मानी असली तरी मूर्ख नव्हती, आणि नोव्हेंबर जवळ येत होता.

पण तक्ता लिहिणाऱ्याने भाजी कधी हातात धरली असेल असं काही तिला वाटेना. ‘एक मध्यम गाजर.’ कुणाचं मध्यम? तिच्या परसातलं गाजर बोटाएवढं, बाजारातलं मनगटाएवढं. ‘अर्धा कप भोपळा.’ फोडी की कुस्करलेला? फोडी घातल्या की मध्ये पोकळी राहते, कुस्करला की दीडपट बसतो. तिने दोन्ही करून बघितलं आणि दोन्हींच्या मधला आकडा काढला. बीट ‘दोन चकत्या’, पण चकती किती जाड ते लिहिणारा विसरला असावा किंवा त्याच्या घरी चकत्या देवाकडून एकसारख्या येत असाव्यात. एवढं सगळं तिने आपल्या ओळखीच्या मापात बसवून घेतलं. आइस्क्रीमचा दोन लिटरचा रिकामा डबा म्हणजे बरोबर आठ कप, हे तिने पाणी ओतून ताडून पाहिलं. त्या डब्याशिवाय वस्तीत एक घर नाही. तेव्हा आठवड्याभरात सगळा तक्ता कपातून डब्यात उतरला, आणि शेजारणी येऊन विचारू लागल्या की माभेले, आमच्या ह्यांना कोबी किती डबे?

अडलं ते पालेभाजीवर. तक्त्यात पालेभाजी सगळ्यात वर, हिरव्या रंगात. भरपूर खा, घाबरू नका. एका जेवणाला दोन कप कच्चा पालक, शिजल्यावर तो अर्धा कप होतो, असं स्पष्ट छापलेलं. माभेलेने परसातला पालक खुडला, धुतला, बारीक चिरला, डबाभर मोजला. आठ कप. कांदा टाकून पाला शिजायला ठेवला, वाफ धरली तसा नेहमीसारखा कोपऱ्यातल्या पोत्यात हात घालून मक्याचं पीठ वरून भुरभुरलं, लाकडी दांड्याने घोटलं, घट्ट झाल्यावर वर लोण्याचा गोळा सोडला. तिची आई अशीच करायची, आजी अशीच करायची, आणि पीठ न पेरता नुसता उकडलेला पाला माणसाला वाढायची पद्धत त्या मुलखात नव्हती. तो शेळ्यांना घालतात. मग तिने भाजी कपाने मोजली. आठ कप कच्चा पालक शिजून दोन कप व्हायला हवा होता. तो झाला जवळजवळ आठ कप.

तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. तिने फोन लावला आणि बबल्वाला विचारलं की हे तक्ते छापणारे लोक स्वयंपाकघरात कधी गेलेत का? पाला आटून पाव होतो म्हणे! चाळीस वर्षं पाला शिजवतेय, एवढा आटलेला माझ्या बापजन्मी पाहिला नाही. बबल्वा कामात होती. ती म्हणाली, आई, तुमच्याकडचा पालक जाड असेल, तू असं कर, शिजलेल्याचं माप सोडून दे, कच्च्याचं धर.

झालं. निकाल लागला. दोन कप कच्च्यावर झोलिलेचा हक्क, मग तो शिजून कितीही होवो. आठ कपाच्या पातेल्यातला चौथा हिस्सा सकाळी, चौथा हिस्सा संध्याकाळी. गणितात खोट काढायला जागा नव्हती. थाळीत ढीग लागायचा, आणि शेजारी अर्धा कप भोपळा, दोन चकत्या बीट, अर्धं गाजर हे सगळं इमानदारीत मोजून.

झोलिले निमूटपणे जेवायचा. पावाचं नाव निघालं की नुसता उसासा टाकायचा, मक्याची लापशी आठवली की खिडकीकडे तोंड फिरवायचा, पण पालेभाजी मात्र चाटूनपुसून खायचा. म्हणायचा, हे बँटिंग का काय ते वाटलं होतं तेवढं वाईट नाही, पोटाला आधार असतो. माभेलेला बरं वाटायचं. नवरा उपाशी ठेवून बरा करणाऱ्या बायका वेगळ्या, आपण पोटभर घालून बरा करतोय.

महिन्याने दवाखान्यात साखर तपासली. आधी अकरा होती. आता तेरा निघाली.

दवाखान्यातली नर्स फिकिस्वा वस्तीतलीच, माभेलेच्या डोळ्यांदेखत मोठी झालेली. तिने विचारलं, मावशी, लापशी देता का? नाही. पाव? घरात आणत नाही. मग देता काय? माभेलेने सगळा पाढा म्हणून दाखवला, कप, डबे, चकत्या, सगळं. फिकिस्वा ऐकून थक्क झाली. म्हणाली, अशी पथ्य सांभाळणारी घरं दहा मिळाली तर आमचा दवाखाना बंद होईल. मग आवाज खाली आणून म्हणाली, पालेभाजीने काही साखर चढत नाही हो. काका बाहेर कुठे खात नाहीत ना?

फिकिस्वाच्या घरीही पालेभाजी पीठ पेरूनच होत होती. त्या दिवशीसुद्धा तिच्या डब्यात तीच होती. तेव्हा तिला तरी कशी शंका यावी?

बाहेर कुठे खात नाहीत ना? हा प्रश्न माभेलेने घरी आणला आणि उशाशी घेऊन झोपली. खरंच की. आपलं माप चुकत नाही, तक्ता चुकत नाही, आणि साखर चढते. म्हणजे मधे कुणीतरी चुकतंय, आणि मधे एकच माणूस होता.

तिने शेजारणींना ताकीद दिली की आमच्या म्हाताऱ्याला घोटभर चहासुद्धा देऊ नका. जे घर देईल त्या घरच्या मयताला मी येणार नाही. ही धमकी साधी नव्हती. बायकांनी दारं लावून घेतली. शनिवारच्या मयतांना झोलिले जायचा तेव्हा त्याच्या वयाची माणसं एका परातीभोवती बसून मटण खायची आणि मटण चालत असूनही बाहेरचा घास बंद म्हणून हा आपला कुंपणाशी टोपी गुडघ्यावर ठेवून बसायचा. परातीत हात न घालणारा माणूस म्हणजे एक तर भांडलेला नाही तर बाटलेला. लोक विचारायचे, जोला, काय झालं? तो म्हणायचा, काही नाही, हिने मोजलंय.

पुढच्या तपासणीत साखर पंधरा.

आता माभेलेने त्याच्या कोटाचे खिसे हुंगायला सुरुवात केली. तोंडाचा वास घ्यायची. तो अंगणात गेला की खिडकीतून बघायची, आणि त्याला ती दिसत नव्हती हे माहीत असूनही पडद्याआड उभी राहायची. काही सापडेना. मग एके दिवशी कोंबड्यांसाठी मूठभर पीठ काढताना तिची नजर कोपऱ्यातल्या पिठाच्या पोत्यावर गेली. पोतं अर्ध्याखाली आलं होतं.

ती तिथेच खाली बसली. या घरात बँटिंग सुरू झाल्यापासून लापशी शिजली नव्हती, पाव भाजला नव्हता. कोंबड्यांची रोजची मूठ तिने हिशोबातून वजा केली, उंदरांचंसुद्धा थोडं वजा केलं, कारण अन्याय तिला कुणावरच करायचा नव्हता. तरी बाकी राहत होती. भली मोठी. घरात माणसं दोन. ती खात नव्हती.

“अहो,” तिने बाहेर येऊन विचारलं, “पोत्यातलं पीठ कोण खातंय?”

झोलिले म्हणाला की मला काय ठाऊक. त्याचा आवाज अगदी साधा होता आणि तोच तिला जास्त लागला. चाळीस वर्षं संसार केलेला माणूस इतक्या सहज खोटं बोलतो! त्या रात्रीपासून पोत्याच्या तोंडाला तिने सुतळीची गाठ मारली, आणि सकाळी भाजीच्या वेळी स्वतःच ती सोडायची, पीठ पेरायची, पुन्हा मारायची. गाठ तिची तिला ओळखू यायची, कुणी हात लावला नव्हता हे दिसत होतं, तरी पोतं खाली जातच होतं. यावरून तिने एवढंच ताडलं की म्हातारा डोळ्यांनी अधू असला तरी हाताचा मोठा सफाईदार आहे.

नोव्हेंबरात डॉक्टर आले. झोलिले ठेवणीतला कोट घालून बसला होता. फिकिस्वाने बोटाला सुई टोचली आणि आकडा मोठ्याने सांगितला नाही. सोळाच्या वर गेला होता. डॉक्टरांनी मान हलवली, यादीतलं पुढचं नाव पुकारलं. पुढची फेरी आता मे महिन्यात, तिकडच्या हिवाळ्याच्या तोंडावर. नातू डोंगरावर जाऊन आठवडा झाला होता. तो डिसेंबरात येणार तो येणारच, त्याला थोडंच सांगता येतं की थांब, आजोबाची साखर उतरू दे.

घरी येताना झोलिले टॅक्सीत एवढंच म्हणाला, “आवाजावरून ओळखेन मी त्याला.” माभेलेच्या अंगाचा तिळपापड झाला. चोरून खायचं, आणि वर साधूसारखं बोलायचं!

दुसऱ्याच दिवशी तिने बैठक बोलावली. बैठकीला तिची थोरली नणंद नोखाया, म्हणजे झोलिलेची बहीण, आणि पाद्रीबुवा. नोखाया वन्सं हे प्रकरण वेगळं होतं. भावाची बायको चुकली की त्या भावाच्या, आणि भाऊ चुकला की त्या धर्माच्या. आल्या त्या भिंतीकडच्या खुर्चीत बसल्या आणि पहिल्यांदा दुधाचा चहा मागितला, तीन चमचे साखर घालून. साखरेच्या आजारावर बोलायचं म्हणजे घसा ओला हवा.

माभेलेने पुरावे मांडले. तक्ता मांडला, कप मांडले, अर्ध्याखाली गेलेलं पोतं उचलून मध्ये आणून ठेवलं. पोलिसांनी मुद्देमाल ठेवावा तसं ते पोतं पाद्रीबुवांच्या बुटांजवळ बसलं. पाद्रीबुवांनी पोटाची भूक आणि आत्म्याची भूक यावर थोडं सांगितलं. वन्संनी बाप आठवला, आई आठवली, आपल्या घराण्यात आजवर चोर निपजला नव्हता हे आठवलं. त्यांच्या एका काकाने गुरं पळवली होती हे वस्तीला माहीत होतं, पण ती दुसऱ्याची गुरं. हे घरचं पीठ.

“झोलिले, खरं सांग,” वन्सं म्हणाल्या. “कच्चं खातोस की शिजवून?”

झोलिले टोपी गुडघ्यावर फिरवत होता. सगळे त्याच्याकडे बघत होते, त्याला तीन धूसर डाग दिसत असावेत. तो आधी नाही म्हणाला. पाद्रीबुवा म्हणाले, देव सगळं बघतो. तो पुन्हा नाही म्हणाला, पण जरा थांबून. मग माभेले बोलली. ती ओरडली नाही. तिने फक्त हिशोब सांगितला, पोतं किती होतं, कोंबड्यांचं किती, उंदरांचं किती, बाकी किती. आकडे सांगून झाल्यावर ती म्हणाली, “अहो, तुमचे डोळे होते हो ते.”

झोलिलेची टोपी फिरायची थांबली.

“मी खाल्लं असेल,” तो म्हणाला.

“असेल म्हणजे?” वन्सं.

“खाल्लं.”

सगळ्यांनी श्वास सोडला. पाद्रीबुवांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. वन्संनी आणखी एक चहा मागितला. आणि गुरुवारी, बायांच्या प्रार्थनेला, लाल ब्लाउज आणि पांढऱ्या टोप्या घातलेल्या साऱ्या बायांसमोर माभेलेने उभं राहून सांगितलं की माझ्या घरात चोर होता, त्याने कबुली दिली, मी त्याला क्षमा केली आहे, तुम्हीही करा. बायांनी डोळे पुसले, टाळ्या वाजवत गाणं म्हटलं. क्षमा करणाऱ्या बाईचा त्या दिवशी फार मान झाला. ज्याला क्षमा केली तो घरी होता, त्याला कुणी विचारलं नाही.

उरला तो पोत्याचा प्रश्न. मोहाची वस्तू घरात कशाला, असं पाद्रीबुवा म्हणाले. वन्सं म्हणाल्या, माझ्याकडे राहू दे, आपलेपणाने सांभाळीन. त्यांच्या भाच्याने पोतं खांद्यावर मारलं आणि दोन गल्ल्यांपलीकडे नेलं. कोंबड्यांपुरतंही मागे ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माभेलेने पालक खुडला, धुतला, चिरला, डबाभर मोजला. आठ कप. कांदा टाकला, पाला टाकला. वाफ धरली तसा तिचा डावा हात आपोआप कोपऱ्यात गेला आणि भिंतीला लागला.

तिथे पोतं नव्हतं. ती हात तसाच ठेवून उभी राहिली. मग स्वतःशीच चुकचुकली, की आता हे एक नवीन, पिठाशिवाय भाजी करायची, त्या चोरापायी आम्हालाही शेळ्यांचं खाणं आलं. वन्संकडून मूठभर आणायला जावं म्हणून तिने शाल खांद्यावर टाकलीही होती. तेवढ्यात पातेल्यात नजर गेली.

पाला खाली बसत होता. बघता बघता पातेल्याच्या कडा रिकाम्या झाल्या, मग मध्यही खाली गेला. तिने जाळ कमी केला, झाकण ठेवलं, पुन्हा उघडलं. तळाशी एक हिरवा गोळा पडला होता, बुडाला पाणी. पाणी निथळून तिने तो कपाने मोजला. एक कप भरला. दुसरा भरला. तिसऱ्याला काही उरलं नाही.

आठ कप कच्चा, दोन कप शिजलेला. दोन कप कच्चा, अर्धा कप शिजलेला. छापलं होतं तसंच.

माभेले चुलीपुढच्या स्टुलावर बसली. बसली ती बसलीच. सहा कप कुठे गेले हे तिला कुणी समजावायची गरज नव्हती. इतके दिवस ते सहा कप कुठून येत होते, तेच तिला एकाएकी समोर दिसत होतं, आणि त्याच्याबरोबर कुंपणाशी टोपी घेऊन बसलेला माणूस दिसत होता, आणि यादीतलं पुढचं नाव पुकारणारे डॉक्टर. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात हे तिने ऐकलं होतं. पण चोराने स्वतः उभं राहून संन्याशाला क्षमा केल्याचं अजून कुणी ऐकलं नसेल.

तिने अर्धा कप भाजी थाळीत काढली. शेजारी भोपळा, बीट, गाजर. थाळीचा तळ दिसत होता. ती घेऊन ती अंगणात गेली. झोलिले भिंतीला टेकून उन्हात बसला होता. त्याने थाळी मांडीवर घेतली, चमच्याने चाचपली, आणि एक घास घेतला. चव बदललेली त्याला कळली असणार. तो काहीच बोलला नाही. ज्याने चोरी कबूल केली त्याला वाढलेलं खावं लागतं, असं त्याला वाटलं असेल.

“अहो,” ती म्हणाली. “खाल्लं नव्हतं तर खाल्लं का म्हणालात?”

तो घास चावून होईपर्यंत थांबला.

“तुझा हिशोब चुकलेला मी कधी पाहिला नाही, माभेले. तू सांगितलंस एवढं गेलं, घरात आपण दोघं, तू खात नाहीस. मी बसून विचार केला. म्हटलं, मग मीच असणार. झोपेत उठत असेन. दिसत तर नाही मला, कुठे जातो काय करतो. दोन रात्री मी पाय खाटेला बांधून झोपलो. सकाळी सुतळी तशीच होती. पण तुला सांगितलं नाही. तू म्हणाली असतीस, ती पण मीच बांधली परत.”

मयताच्या घरी तिला कधी रडू यायचं नाही, तिथे स्वयंपाक असायचा. आता हाताला काहीच काम नव्हतं.

“तुम्ही नाही खाल्लं,” ती कशीबशी म्हणाली. “मीच घालत होते. भाजीत. रोज.”

“काय?”

“पीठ.”

झोलिलेने चमचा थाळीत ठेवला. त्याला ते पटकन उमगेना. तो कपाळाला आठ्या घालून म्हणाला, “पण भाजीत पीठ असतंच की.”

“तेच,” ती म्हणाली.

पलीकडच्या गल्लीत कुणाच्या तरी घरी मयताचा मांडव घातला जात होता. तिथूनही आज ना उद्या निरोप येणार होता, गड्डे किती, बटाटे किती. झोलिले थाळीकडे बघत राहिला, म्हणजे थाळी जिथे असावी तिकडे. त्याच्या मनात हळूहळू एकेक गोष्ट जुळत गेली असणार, तेरा, पंधरा, सोळा, डॉक्टर, पाद्रीबुवा, लाल ब्लाउजातल्या बाया. तो रागावेल म्हणून ती वाट बघत होती. रागावला असता तर बरं झालं असतं.

“किती घालायचीस?” त्याने विचारलं.

माभेलेने तोंड उघडलं. कोबीचे गड्डे, भोपळ्याच्या फोडी, बिटाच्या चकत्या, डब्यात कप किती, कपात फोडी किती, सगळं तिच्या जिभेवर होतं.

“ते कधी मोजलं नाही,” ती म्हणाली.